चंचूपात्रातून निघणारी नायलॉनची दोरी: ती तयार कशी होते आणि संपत का नाही?

कपडे वाळत घालायची दोरी, मच्छरदाणी, दात घासायचा ब्रश... नायलॉन आपल्या घरात इतकं मुरलंय की ते बनतं कसं, हा प्रश्नच कधी पडत नाही. रसायनशास्त्राच्या एका प्रात्यक्षिकात मात्र ते डोळ्यांदेखत बनताना दिसतं. चंचूपात्रात एक पारदर्शक द्रव घ्यायचा, त्यावर दुसरा पारदर्शक द्रव अलगद ओतायचा. दोघांच्या सीमेवर पांढुरका पापुद्रा धरतो. तो चिमट्यानं पकडून वर ओढला की त्याच्यामागून दोरी येते, येतच राहते. ना शेगडी, ना यंत्र.

मी हे प्रात्यक्षिक पहिल्यांदा वर्गात केलं, तेव्हा दोरी चार बोटं वर आली आणि तुटली. पुन्हा धरली, पुन्हा तुटली. पोरं हसली. तेव्हा कृती मला तोंडपाठ होती, पण आत काय चाललंय ते नीट कळलेलं नव्हतं. म्हणून इथे कृतीपेक्षा तिच्यामागच्या कारणांवर जास्त भर देतोय.

हा प्रयोग आला कुठून?

नायलॉन पहिल्यांदा तयार झालं २८ फेब्रुवारी १९३५ रोजी, अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीत, वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटात. ते नायलॉन ६,६ होतं. १९३८ साली त्याचे टूथब्रश बाजारात आले आणि १९४० साली बायकांचे पायमोजे.

चंचूपात्रातली दोरी मात्र बरीच नंतरची. पॉल मॉर्गन आणि स्टेफनी क्वोलेक या ड्यूपॉन्टच्याच दोन शास्त्रज्ञांनी १९५९ साली रसायनशास्त्राच्या शिक्षकांसाठी असलेल्या एका नियतकालिकात ही कृती छापली. याच क्वोलेकबाईंनी पुढे १९६५ साली ज्या धाग्याचा शोध लावला, त्याचं नाव केवलार. गोळीरोधक जाकिटात वापरतात तोच.

साहित्य

प्रयोगाला दोन द्रावणं लागतात.

पहिलं: २.२ ग्रॅम हेक्झामेथिलीन डायअमाइन, ५० मिलिलिटर पाण्यात. हा पदार्थ साधारण ४० अंशांना वितळतो, त्यामुळे बाटलीत तो बहुतेक वेळा थिजलेला असतो. खरवडत बसू नका. घट्ट बंद बाटली कोमट पाण्यात ठेवली की तो पातळ होतो.

दुसरं: १.५ ग्रॅम सेबॅकॉइल क्लोराइड, ५० मिलिलिटर सायक्लोहेक्झेनमध्ये. हे ज्या सेबॅसिक आम्लापासून करतात, ते आम्ल येतं आपल्या एरंडेल तेलापासून!

या जोडीतून नायलॉन ६,१० तयार होतं. नावातला पहिला आकडा म्हणजे अमाइनच्या रेणूतले कार्बन, दुसरा आम्लाच्या रेणूतले. सेबॅकॉइलऐवजी अ‍ॅडिपॉइल क्लोराइड घेतलं, तर सहा आणि सहा, म्हणजे नायलॉन ६,६ मिळतं.

कृती

१. पाण्याचं द्रावण लहान चंचूपात्रात घ्या. दोरी नीट दिसावी म्हणून त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाका. अमाइन अल्कलीधर्मी असल्यामुळे द्रावण गुलाबी होतं.

२. चंचूपात्र थोडं तिरकं धरून, कडेच्या काचेवरून दुसरं द्रावण हळूहळू सोडा. सायक्लोहेक्झेन पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून ते वर तरंगतं. ढवळू नका.

३. सीमेवर धरलेला पापुद्रा मधोमध चिमट्यानं पकडा आणि सावकाश वर ओढा.

४. दोरीचं टोक काचेच्या कांडीला गुंडाळा आणि कांडी एका लयीत फिरवत राहा.

मॉर्गन आणि क्वोलेक यांच्या मूळ कृतीत वरच्या थराला पाणी होतं, कारण त्यांनी टेट्राक्लोरोएथिलीन हा पाण्यापेक्षा जड द्रावक वापरला होता. तो आरोग्याला घातक असल्यामुळे आता बहुतेक ठिकाणी सायक्लोहेक्झेन किंवा हेक्झेन घेतात. त्यामुळे थर उलटे झाले, रसायन तेच राहिलं.

सीमेवर काय घडतं?

लहानपणीचा साखळीचा खेळ आठवा. समजा काही मुलांच्या दोन्ही हातांत लाल मोजे आहेत आणि काहींच्या दोन्ही हातांत निळे. नियम एकच: लाल हातानं निळाच हात धरायचा. मग लाल मुलगा, निळा मुलगा, लाल, निळा अशी रांग लांबत जाते. प्रत्येकाला दोन हात आहेत, म्हणून साखळी वाढू शकते.

डायअमाइनच्या रेणूला दोन्ही टोकांना अमाइन गट आहेत. सेबॅकॉइल क्लोराइडला दोन्ही टोकांना आम्ल-क्लोराइड गट आहेत. हे दोन गट भेटले की अमाइड बंध तयार होतो आणि हायड्रोजन क्लोराइडचा एक रेणू बाहेर पडतो. असे शेकडो दुवे जोडले की झालं बहुवारिक, म्हणजे पॉलिमर. प्रथिनांतही अमिनो आम्लं याच प्रकारच्या बंधानं जोडलेली असतात. रेशीम हे प्रथिनच, त्यामुळे नायलॉनला रेशमाचा दूरचा नातेवाईक म्हणायला हरकत नाही.

बाहेर पडणाऱ्या हायड्रोजन क्लोराइडचं काय? ते अमाइनला चिकटतं आणि चिकटलेलं अमाइन पुढे साखळीत जात नाही. त्याची सोय वरच्या प्रमाणातच आहे. हिशेब केला तर डायअमाइनचे रेणू सेबॅकॉइलच्या तिप्पट भरतात. एक वाटा साखळीत जातो, उरलेले आम्ल शोषायला पुरून उरतात. काही कृतींमध्ये त्यासाठी वेगळं सोडियम हायड्रॉक्साइड घालतात.

तिप्पट अमाइन असूनही साखळी लांब कशी?

माझ्या मते या प्रयोगातला सगळ्यात सुंदर प्रश्न हाच. एकाच भांड्यात सगळं मिसळून पॉलिमर करायचा असेल, तर दोन्ही घटक मोजून सारखे लागतात. एक घटक शेकडा पाच जरी जास्त झाला, तरी साखळी सरासरी चाळीसेक रेणूंवर अडते. कारण उघड आहे: निळे संपले की सगळ्या साखळ्यांच्या दोन्ही टोकांना लाल हात मोकळे राहतात आणि धरायला कोणी उरत नाही.

इथे तर एक घटक तिप्पट आहे! तरीही धागा होतो, कारण दोन्ही घटक एकमेकांत मिसळलेलेच नाहीत. आम्ल-क्लोराइड पाण्यात जवळपास विरघळत नाही. अमाइन मात्र थोडं थोडं सीमा ओलांडून वरच्या द्रावकात शिरतं आणि शिरताक्षणी समोर उभ्या असलेल्या साखळीच्या टोकाला पकडलं जातं. ही अभिक्रिया इतकी वेगवान आहे की रेणूला पुढे जायला सवडच मिळत नाही. भांड्यात एकूण किती अमाइन आहे, याला मग महत्त्व उरत नाही. सीमेवर या क्षणी कोण येतंय, एवढंच महत्त्वाचं.

दोरी संपत का नाही?

पापुद्रा तयार झाला की तोच दोन द्रवांमधली भिंत बनतो. रेणूंना त्यातून पलीकडे जाणं अवघड होतं आणि अभिक्रिया मंदावते. म्हणजे हा प्रयोग स्वतःच स्वतःला थांबवतो.

आपण पापुद्रा ओढतो, म्हणजे खरं तर ती भिंत काढून घेतो. दोन द्रव पुन्हा समोरासमोर येतात आणि लगेच नवी भिंत उभी राहते. तीही आधीच्या पापुद्र्याला जोडलेली असते, म्हणून दोरी अखंड येते. एखादा घटक संपेपर्यंत हे चालू राहतं. दोरी कित्येक मीटर भरते, पण वरच्या प्रमाणात सगळं मिळून नायलॉन जास्तीत जास्त पावणेदोन ग्रॅम होतं. बाकी जे दिसतं तो द्रव. ही दोरी भरीव नसतेच, ती चुरगळलेल्या पापुद्र्याची नळी असते आणि तिच्या पोटात दोन्ही द्रावणं अडकलेली असतात.

माझी दोरी का तुटली?

दिवस पावसाळ्याचे होते आणि सेबॅकॉइल क्लोराइडची बाटली जुनी, अनेकदा उघडलेली होती. हा पदार्थ हवेतल्या ओलाव्याशीही अभिक्रिया करतो आणि परत सेबॅसिक आम्ल बनतो. झाकणाभोवती पांढरा थर जमला होता, मी तो पुसून टाकला आणि पुढे गेलो. तोच तर इशारा होता! सेबॅसिक आम्लाची खोलीच्या तापमानाला अमाइनशी नायलॉनची साखळी होत नाही, नुसता क्षार होतो. चांगले निळे हात कमी पडले, पापुद्रा लिबलिबीत झाला आणि स्वतःच्या वजनानंच तुटला.

तेव्हापासून तीन गोष्टी पाळतो. बाटली शुष्ककात ठेवतो. हे द्रावण सगळ्यात शेवटी, प्रयोगाच्या अगदी आधी करतो. आणि वर्गात जाण्यापूर्वी परीक्षानळीत थोडंसं करून बघतो.

सुरक्षितता

दोन्ही रसायनं त्वचा आणि डोळ्यांना इजा करतात. सायक्लोहेक्झेन झटकन पेट घेतं. हा प्रयोग घरी करायचा नाही. प्रयोगशाळेत, धूर-कपाटात, चष्मा आणि हातमोजे घालूनच करायचा, आणि आसपास बर्नर पेटलेला नको. दोरी ओढताना तिच्यातून थेंब गळतात, म्हणून खाली ट्रे ठेवा. "सर, हात लावू?" असं मुलं हमखास विचारतात. दोरी भरपूर पाण्यानं धुतल्याशिवाय उत्तर नाहीच.

शेवटी उरलेले थर कांडीनं जोरात ढवळा, म्हणजे शिल्लक घटकांचाही घट्ट गोळा होतो. तो धुऊन काढा. उरलेला द्रव बेसिनमध्ये ओतू नका, सेंद्रिय कचऱ्याच्या बाटलीत भरा.

मग कारखान्यात असंच का करत नाहीत?

आम्ल-क्लोराइडं महाग आणि हाताळायला कटकटीची, वर एवढा द्रावक सांभाळायचा. कपड्यांचं नायलॉन ६,६ करताना साधं अ‍ॅडिपिक आम्ल आणि डायअमाइन यांचा आधी क्षार करतात. क्षारात दोघे आपोआप एकास एक येतात, म्हणजे मोजमापाचा प्रश्नच सुटतो. मग तो दाबाखाली तापवत २७०-२८० अंशांच्या आसपास नेतात आणि सुटणारं पाणी काढून टाकतात. वितळलेल्या नायलॉनचे धागे काढून ते ताणले जातात. ताणल्यानं साखळ्या एका दिशेत येतात आणि धागा मजबूत होतो. आपल्या चंचूपात्रातल्या दोरीला ही ताणणी मिळालेली नसते, म्हणून तिला कपडे टांगता येत नाहीत.

तुमच्या स्वयंपाकघरातला हाच प्रयोग

तरीही ही युक्ती नुसती वर्गापुरती राहिली नाही. घरातल्या आरओ फिल्टरमधला पडदा बहुतेक वेळा याच तत्त्वावर बनलेला असतो. १९७०च्या दशकात अमेरिकेत जॉन कॅडॉट यांनी ही पद्धत विकसित केली. सच्छिद्र पॉलिसल्फोनचा थर एका अमाइनच्या पाण्यातल्या द्रावणात भिजवतात. मग त्यावर आम्ल-क्लोराइडचं सेंद्रिय द्रावण सोडतात. या आम्ल-क्लोराइडला दोनऐवजी तीन हात असतात, त्यामुळे साखळीऐवजी जाळं विणलं जातं.

इथे मात्र पापुद्रा कोणीच ओढत नाही. भिंत उभी राहते आणि अभिक्रिया मंदावते, म्हणून थर केसाच्या शेकडो पट पातळ राहतो. पाणी त्यातून जातं, क्षार अडतात. क्लोरीननं हा थर खराब होतो, म्हणूनच पडद्याच्या आधी कार्बन फिल्टर बसवलेला असतो. तो वेळेवर बदला असं का सांगतात, ते आता लक्षात येईल.

चंचूपात्रात पापुद्रा ओढला की दोरी मिळते, नाही ओढला की पाणी गाळणारा पडदा. पुढच्या वेळी हे प्रात्यक्षिक बघाल किंवा दाखवाल, तेव्हा दोरीकडे तर बघाच, पण थोडा वेळ ओढणं थांबवून त्या स्थिर पापुद्र्याकडेही बघा. मी आता वर्गात तिथेच मिनिटभर थांबतो.