घरची बिअर बिघडते कशी, आणि ती आपल्या घरातून गेली कुठे?

या आठवड्याच्या एपिसोडचं हे लिखित रूप. बसमध्ये ऐकताना आकडे निसटतात अशी तुमची तक्रार असते, म्हणून आकडे इथे नीट लिहिलेत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं हा गुन्हा आहे. त्यामुळे हे ऐकून कोणी बादली आणि यीस्ट घेऊन बसू नका. मी स्वतः विश्रामबागला राहतो, दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो आणि बिअर बनवत नाही. पण माझा कॉलेजचा एक मित्र न्यू जर्सीत असतो. तिथे एका सज्ञान माणसाला घरच्यासाठी वर्षाला 100 गॅलन, म्हणजे साधारण 378 लिटर बिअर बनवता येते. काही बिघडलं की त्याचा व्हिडिओ कॉल येतो, कारण त्याच्या मते बग शोधणं हे माझं काम. त्याचे प्रश्न सोडवता सोडवता माझ्या लक्षात आलं की बिअरचा इतिहास म्हणजे ट्रबलशूटिंगचा इतिहास आहे. घरच्या बिअरचा जवळजवळ प्रत्येक नियम कोणाच्या तरी फसलेल्या बॅचमधून आलाय.

पहिली पायरी: आजीचं सत्त्व

बिअर म्हणजे धान्याच्या पिठूळपणाची साखर करायची, आणि त्या साखरेची यीस्टकडून दारू करून घ्यायची. यातलं पहिलं अर्धं काम आपल्या घरात होतंच. नाचणीचं सत्त्व आठवा. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, हलकी भाजून दळायची. मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात आणि ते स्टार्च तोडून साखर करतात. सत्त्वाची खीर साध्या पिठाच्या लापशीपेक्षा पातळ होते ती यामुळेच. ब्रुअर ज्याला मॉल्ट म्हणतो, ते हेच. फक्त त्याचं धान्य बहुतेक वेळा बार्ली असतं.

मित्राचा पहिला कॉल इथलाच होता: "काढा गोडच होत नाहीये रे." मॉल्ट भरडून गरम पाण्यात तासभर ठेवतात, तेव्हा पाणी साधारण 65 ते 67 अंशांवर हवं. 75 च्या वर गेलं की एन्झाइम मरतात आणि मग कितीही वेळ थांबा, स्टार्च तसाच राहतो. तपासायला शाळेतला प्रयोग पुरतो. काढ्याचा थेंब बशीत घ्या, वर आयोडीनचा थेंब टाका. निळा-काळा झाला तर स्टार्च शिल्लक आहे.

मग आपल्या शाळूची बिअर होईल का? होते, पण ज्वारीचा स्टार्च बार्लीपेक्षा जास्त तापमानाला फुलतो, आणि तिथे पोचेपर्यंत निम्मे एन्झाइम संपलेले असतात. नायजेरियाने 1988 पासून बार्ली मॉल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या मोठ्या ब्रुअरींना हाच प्रश्न सोडवून ज्वारीवर यावं लागलं. आणि त्याच्या कितीतरी आधीपासून आफ्रिकेतल्या गावोगावच्या बाया ज्वारीची घट्टसर, आंबूस बिअर घरी करत होत्या.

किण्व: यादीत नसलेला कामगार

मराठीत फर्मेंटेशनला किण्वन म्हणतात. हा शब्द कुठल्या समितीने शून्यातून काढलेला नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षावर, म्हणजे त्या काळच्या एक्साइज ऑफिसरवर, एक अख्खं प्रकरण आहे. त्यात मेदक नावाच्या तांदळाच्या दारूचं माप दिलंय: पाणी किती, तांदूळ किती आणि किण्व किती. किण्व म्हणजे विरजण. त्याच प्रकरणात आणखी एक तरतूद आहे. कुटुंबवत्सल माणसाला घरच्या कार्यासाठी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट बनवायची मोकळीक होती. एवढं कडक राज्य, दारूवर सरकारी मक्तेदारी, आणि तरी घरच्या कार्याला सूट!

आता युरोपात चला. बव्हेरियाचा 1516 चा प्रसिद्ध नियम सांगतो की बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढंच हवं. यीस्टचं नाव नाही. ते आहे हेच कोणाला माहीत नव्हतं. बिअर जमली तर देवाची कृपा, आंबली तर नशीब.

हा बग सापडायला 1856 उजाडावं लागलं. फ्रान्समधल्या लील शहरात बीटपासून अल्कोहोल बनवणाऱ्या एका कारखानदाराचा माल आंबट होत होता. त्याने तिथल्या प्राध्यापकाला बोलावलं. प्राध्यापकाचं नाव लुई पाश्चर. त्याने मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर चांगल्या पिंपात गोल पेशी होत्या, आणि बिघडलेल्यात बारीक, लांबट काहीतरी वळवळत होतं. तेच आंबटपणा आणणारे जिवाणू, दह्यातल्यांचे भाऊबंद. पुढे 1876 मध्ये त्याने बिअरच्या रोगांवर आख्खं पुस्तक लिहिलं.

म्हणून घरच्या बिअरचा सगळ्यात कंटाळवाणा नियम सगळ्यात महत्त्वाचा आहे. काढा उकळून थंड झाला की त्याला लागणारी प्रत्येक वस्तू आधी धुतलेली, आणि मग जंतूविरहित केलेली हवी. ही दोन वेगळी कामं आहेत. घाण चिकटलेल्या नळीवर कितीही सॅनिटायझर ओता, जंतू त्या थराखाली बसून राहतात. मित्राच्या दुसऱ्या बॅचला दवाखान्यातल्या बँडेजसारखा वास येत होता. असा वास बहुतेकदा नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनमुळे येतो. साधं क्लोरीन पाणी उकळून उडून जातं, क्लोरामाइन असेल तर फिल्टर लागतो.

कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हॅन्सनने 1883 मध्ये पुढचं पाऊल टाकलं. ब्रुअरीत जंगली यीस्ट शिरून बिअर कडवट होत होती. हॅन्सनने एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं आणि प्रश्न मिटला. मालक जेकबसन यांनी ते यीस्ट स्वतःपुरतं न ठेवता इतर ब्रुअरींनाही दिलं. आमच्या भाषेत, कोड ओपन सोर्स केला. तुम्ही शाळेत शिकलात तो पीएच स्केलही याच प्रयोगशाळेतला, 1909 चा, सोरेन्सन यांचा.

सांगलीचा उन्हाळा आणि जड डोकं

मित्राचा तिसरा कॉल जुलैमधला. बिअरला केळ्याचा वास आणि दुसऱ्या दिवशी डोकं जड. हा तापमानाचा बग. नेहमीच्या एल यीस्टला 18 ते 22 अंश मानवतात, लागरला 8 ते 13. वर गेलं की यीस्ट घाईत काम करतं आणि नको ते अल्कोहोल बनवतं. शिवाय आंबताना पिंप स्वतःही दोन-चार अंश तापतं.

आपल्याकडे एप्रिलात पारा चाळिशीला टेकतो. म्हणूनच इंग्रजांची बिअर आधी जहाजातून आली, आणि इथे बनवायची ठरली तेव्हा पहिली ओढ थंड डोंगराकडे होती. एडवर्ड डायरने हिमालयात कसौलीला ब्रुअरी काढली. पुढे मीकिनने डोंगरांबरोबर आपल्या पुण्याजवळ खडकीलाही काढली, कारण गिऱ्हाईक, म्हणजे गोरा सोल्जर, तिथे होता. 1870 च्या दशकात जर्मनीत लिंडेचं कूलिंग मशीन ब्रुअरीत आलं आणि मग डोंगराची गरजच संपत गेली.

फ्रिज नसेल तर? माठाची युक्ती. पिंप पाण्याच्या टबात ठेवायचं, वर ओलं सुती कापड, समोर पंखा. कोरड्या हवेत काही अंश सहज उतरतात. पावसाळी दमट हवेत ही युक्ती चालत नाही.

बाटली का फुटते?

चौथा कॉल रात्री आला: कपाटात स्फोट! बाटलीत भरताना फेसासाठी लिटरमागे 6 ते 7 ग्रॅम साखर घालतात. पण आतली मूळ साखरच संपलेली नसेल, तर गॅस वाढत राहतो आणि काच फुटते. उपाय म्हणजे मोजणं. सुरुवातीला हायड्रोमीटर 1.050 दाखवत असेल आणि शेवटी 1.010, तर फरकाला 131 ने गुणा: साधारण सव्वापाच टक्के अल्कोहोल. सलग तीन दिवस आकडा हलला नाही की मगच बाटली भरायची.

आपल्या तासगावच्या द्राक्षबागायतदाराला हे समजावून सांगावं लागत नाही. तो ब्रिक्स मीटरला डोळा लावून साखर बघतोच. (तेच मीटर आंबलेल्या बिअरला लावू नका, अल्कोहोलमुळे आकडा चुकतो.) ब्रुअरीत हे मोजमाप 1784 च्या सुमारास जॉन रिचर्डसनने रुळवलं. आणि जे उपकरण ब्रुअरला माहिती देतं, तशाच उपकरणाने सरकार कर मोजायला लागलं.

आणि मग कायदा

इथे गोष्ट आपल्या घरी परत येते. मुंबई इलाख्यात 1878 चा अबकारी कायदा आला. गावोगावचं गाळप बंद करून ते मोठ्या, देखरेखीखालच्या भट्ट्यांत न्यायचं, म्हणजे कर चुकणार नाही. 1892 च्या कायद्याने तर ठाणे-कुलाब्यात मोहाची फुलं गोळा करण्यावरच बंधनं आणली. आदिवासींचं ते खाणंही होतं, पण सरकारला त्यात फक्त बुडणारा महसूल दिसला. तेव्हा तासगाव-वाळवा ब्रिटिशांच्या सातारा जिल्ह्यात होतं, सांगली-मिरज पटवर्धनांची संस्थानं. 1949 मध्ये हे सगळं मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला (1960 मध्ये त्याचं नाव सांगली), आणि त्याच वर्षी मुंबई दारूबंदी कायदा आला. बालसारा खटल्यात 1951 ला सुप्रीम कोर्टाने त्यातली काही कलमं रद्द केली, बाकी कायदा टिकला. पुढे दुकानं उघडली, परवाने आले, 2001 च्या धोरणानंतर पलूसला वाईन पार्क झालं. पण घरच्या पिंपासाठी कौटिल्याने ठेवलेली सूट परत आली नाही. ब्रिटनने स्वतः घरच्या बिअरवरचा परवाना 1963 ला काढून टाकला, अमेरिकेने 1978 ला कायदा बदलला. आपण मात्र 1878 ची चाकोरी सोडली नाही.

यात नुकसान काय? जून 2015 मध्ये मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. ती मेली मिथेनॉलने. धान्य आंबवताना मिथेनॉल अगदी नगण्य बनतं. असल्या दारूत ते कारखान्याच्या ड्रममधून येतं, स्वस्त पडतं म्हणून. "घरची दारू म्हणजे विष" ही आपली समजूत तिथूनच पक्की झाली. आपण काय पितोय, ते कशाचं आणि कसं बनलंय, हे ओळखणारी माणसंच वस्तीत उरली नाहीत, की ड्रमवाल्याचं काम सोपं होतं.

दारू वाईटच, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी माझं भांडण नाही. दारूपायी उद्ध्वस्त झालेली घरं मीही बघितलीत, आणि बाटली आडवी करणाऱ्या बायकांचा राग मला कळतो. माझं म्हणणं एवढंच: पिण्यावर बंदी घालता येते, ज्ञानावर घालायची गरज नाही. 65 अंशांना काय होतं, आंबट वास कशाने येतो, मिथेनॉल कुठून येतं, हे माहीत असणं गुन्हा नाही.

तर या आठवड्याचा गृहपाठ. घरी सत्त्व किंवा आंबील कोण करतं ते शोधा. मोड किती लांब होऊ देतात, भाजतात किती, आंबायला किती तास लागतात, उन्हाळ्यात काय बदलतात, ते सगळं विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. ही माप-पद्धत कुठल्याच मॅन्युअलमध्ये लिहिलेली नाही. भेटूया पुढच्या एपिसोडला!