प्रत ठरवणाऱ्याचीही परीक्षा हवी



मोंढ्यात आपल्या ढिगापाशी एक माणूस येतो. मूठभर दाणे तळहातावर घेतो, फुंकर मारतो, एखादा दाणा दाताखाली फोडतो आणि म्हणतो, "माल हलका आहे." झालं! हंगामाच्या घामाची किंमत त्या एका शब्दावर ठरते. पण प्रत ओळखायला त्याला शिकवलं कुणी, त्याची परीक्षा घेतली कुणी?

अमेरिकेतल्या शेतकऱ्यांवरही एके काळी हीच पाळी होती. तिथं बाजारागणिक प्रतवारी निराळी. कोठारवाले घेताना हलकी प्रत लावतात अन् विकताना चढी, अशी शेतकऱ्यांची तक्रार असे. शेवटी १९१६ साली तिथल्या सरकारनं धान्य प्रमाण कायदा केला. साऱ्या देशाला एकच मोजमाप ठरलं : दाण्याचं वजन, ओलावा, खराब दाणा, काडीकचरा. प्रत ठरवणाऱ्याला लायकी सिद्ध केल्यावरच सरकारी परवाना मिळू लागला. परवानाधारकानं धान्याच्या व्यापारात भागी ठेवायची नाही, कोठारवाल्याची चाकरी करायची नाही, असं बंधन आलं. निकाल पटला नाही तर वर दाद मागायचीही सोय झाली.

एवढं करूनही एक भोक राहिलंच. परवाना सरकारचा, पण तपासनीसाचा पगार बहुतेक ठिकाणी खाजगी संस्थांकडून किंवा व्यापारी मंडळांकडून येई. ज्याचा माल तपासायचा, त्याच्याच गोतावळ्यातून पोट भरायचं! १९७५ साली न्यू ऑर्लिन्स बंदरावरचं लाचेचं प्रकरण उघडकीला आलं. परवानाधारक तपासनीसांवर खटले झाले, वजनातली लबाडीही बाहेर पडली. १९७६ साली कायदा दुरुस्त झाला. तपासणीसाठी वेगळं सरकारी खातं उभं राहिलं आणि निर्यात बंदरांवरची तपासणी सरकारी नोकरांच्या हाती गेली.

१९५६ च्या करारानंतर पी. एल. ४८० खाली आलेला अमेरिकेचा लाल गहू आपल्यातल्या जुन्या माणसांना आठवत असेल. त्या गव्हाच्या देशालाही हा धडा शिकायला साठ वर्षं लागली. शिक्षण हवं, परवाना हवा, पण तपासणारा कुणाचं मीठ खातो हेही बघायला हवं.

आपल्याकडे प्रतवारीचा कायदा १९३७ साली झाला आणि त्यातून ॲगमार्क आलं. २०१६ पासून ई-नाम बाजारात लांबचा व्यापारी माल न बघता, तपासणीच्या आकड्यांवर बोली लावतो. म्हणजे तपासणाऱ्याचं महत्त्व वाढलंच.

तेव्हा बंधूंनो, एवढं ध्यानात ठेवा. माल वाळवून, चाळूनच बाजारात न्या. नमुना काढताना स्वतः हजर राहा. एकाच पोत्यातून नको, चार पोत्यांतून, वरून-मधून-तळातून काढायला सांगा. प्रत का उतरली हे विचारा : ओलाव्यानं, मातीनं की किडक्या दाण्यानं? न पटल्यास सौदा होण्याआधीच बाजार समितीकडे फेरतपासणी मागा. विचारण्यात लाज कसली? दाणा आपला आहे.