उज्जैन परिसरातील आरोग्यसेवा : भागीदारी आणि तिचा खर्च

आरोग्यसेवेतील सार्वजनिक-खाजगी भागीदारीचे मूळ बहुधा जागतिक बँकेच्या १९९३ च्या अहवालात शोधले जाते. मध्य प्रदेशापुरते ते अर्धेच खरे आहे. तेथे या प्रयोगाला निमित्त झाले ते उंदरांचे, आणि तेही उज्जैनपासून सुमारे ५५ किलोमीटरवर, इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात.

१९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली, तेव्हा या रुग्णालयात उंदरांचा सुळसुळाट होता. रुग्णांना हलवून, नागरिकांच्या वर्गणीतून ते स्वच्छ करण्यात आले. पुढे त्याची देखभाल व्हावी म्हणून रोगी कल्याण समितीची कल्पना पुढे आली. नोंदणीकृत संस्था, तीत अधिकारी, लोकप्रतिनिधी व देणगीदार, आणि रुग्णांकडून घेतलेले शुल्क सरकारी तिजोरीत न जाता रुग्णालयातच राहणार, अशी ही रचना. दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना शुल्क माफ होते. ही पद्धत उज्जैनसह राज्यभर पसरली. २००० मध्ये तिला ग्लोबल डेव्हलपमेंट नेटवर्कचा पुरस्कार मिळाला, आणि २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ती देशभर नेली.

येथे एक बाब नजरेआड होऊ नये. ज्याला देणगी म्हटले गेले, त्याच्या शेजारी शुल्क येऊन बसले. 'भागीदारी' या शब्दात 'भाग' संस्कृत आणि 'दार' फारसी. पण हा भाग कोणाचा, हे शब्द सांगत नाही. माफीसाठी कार्ड हवे, आणि कार्ड नसलेल्या गरिबाला खिशाला हात घालणे भाग होते.

२००५ नंतर पैशाची दिशा काही अंशी उलटली. जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण मातेला दवाखान्यातील प्रसूतीसाठी १४०० रुपये मिळू लागले. मान्यताप्राप्त खाजगी दवाखान्यांनाही योजनेत स्थान होते. ब्रिटनच्या विकास विभागाने २००७ पासून राज्याच्या आरोग्य सुधारणांना अर्थसाहाय्य दिले. २०१५ पर्यंत भारताला मिळणारी ब्रिटनची अनुदाने थांबली. परकीय निधीची मुदत अशी ठरलेली असते, रोगाची नसते.

उज्जैनमधील पेच याहून वेगळा आहे. वैद्यकीय महाविद्यालय येथे आले ते २००१ मध्ये, खाजगी न्यासामार्फत : आर. डी. गार्डी महाविद्यालय. त्याच्याशी आणि स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेशी संबंधित संशोधकांच्या पाहणीनुसार राज्यातील सुमारे तीन-चतुर्थांश पात्र डॉक्टर खाजगी क्षेत्रात होते, आणि त्यांतील बहुतेक शहरांत. भागीदारीला लागणारे डॉक्टर, म्हणजे, गावात नव्हतेच. त्यांच्याच दुसऱ्या अभ्यासात दोन्ही क्षेत्रांतील परस्पर अविश्वास हा मोठा अडथळा म्हणून नोंदला गेला. शासनाला खाजगी डॉक्टर नफेखोर वाटे, खाजगी डॉक्टरला शासन बेभरवशाचे. करार कागदावर होतो, हा संशय मात्र करारात लिहिलेला नसतो.

उज्जैनमध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा पायाभरणी समारंभ झाला तो २०२४ मध्ये.