अग्निशामकाचा चेहरा : सहजचित्रणाच्या इतिहासातील एक प्रकरण

इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. तेव्हापासून 'साधन' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दप्तरे, पत्रे, बखरी आणि ताम्रपट उभे राहतात. छायाचित्र हेही इतिहासाचे साधन आहे हे आपण तत्त्वतः मान्य करतो. व्यवहारात मात्र त्याला ग्रंथाच्या शोभेपुरतेच स्थान देतो. प्रस्तुत लेखात आम्ही या साधनाच्या एका लहानशा शाखेचा विचार योजिला आहे. आग विझविणारा माणूस आपल्या कामात किंवा कामानंतरच्या विसाव्यात असताना, त्याला न मांडता, न सजविता घेतलेले त्याचे चित्र, हा तो विषय होय.

प्रथम संज्ञेविषयी थोडे. अशा चित्रास इंग्रजीत 'कॅन्डिड' हे विशेषण लावतात. त्याचे मूळ लॅटिनमध्ये असून तेथे त्याचा अर्थ शुभ्र, निर्मळ असा आहे. आपल्याकडे कोणी त्याचा अर्थ 'नकळत घेतलेले' असा करतात. तो आम्हांस अपुरा वाटतो. नकळत घेणे ही रीत झाली, गुण नव्हे. चित्रातील माणूस स्वतःसारखा दिसणे हा गुण आहे, आणि त्याला 'सहज' हा आपला जुना शब्द अधिक शोभतो. म्हणून येथे 'सहजचित्र' हाच शब्द आम्ही वापरणार आहोत.

मुंबईस छायाचित्रकारांची संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या कलेच्या आरंभीच्या एतद्देशीय उपासकांपैकी होत. परंतु त्या काळी सहजचित्र काढणे जवळजवळ अशक्यच होते. काचेवर रसायनाचा लेप द्यावयाचा, तो ओला आहे तोवर चित्र घ्यावयाचे आणि लगेच अंधारात ते धुवावयाचे. समोरच्या माणसाने तोपर्यंत पुतळ्यासारखे स्थिर राहावयाचे. विल्यम जॉन्सन यांनी १८६३ पासून मुंबईच्या रहिवाशांच्या चित्रांचा जो प्रसिद्ध ग्रंथ काढला, त्यात माणसे एकीकडे चित्रित करून त्यांच्यामागे देखावे दुसरीकडचे जोडलेले आहेत. त्यात जात दिसते, पोशाख दिसतो, धंदा दिसतो. एखादा विशिष्ट मनुष्य क्वचितच दिसतो. धावत्या माणसाचे आणि हलत्या ज्वाळेचे चित्र त्या यंत्राच्या आवाक्याबाहेरचे होते. आगीच्या जुन्या चित्रांत इमारती आणि भग्नावशेष आढळतात, विझविणारे आढळत नाहीत, याचे एक कारण हेच होय.

१९२५ मध्ये जर्मनीत 'लायका' हा हातात मावणारा कॅमेरा विक्रीस आला आणि ही अडचण दूर होऊ लागली. त्याच देशातील एरिख सालोमन या कायदेपंडिताने दुसऱ्या एका लहान कॅमेऱ्याने न्यायालये व राजकीय परिषदा यांतील थोरामोठ्यांची अकल्पित चित्रे घेऊन मोठी कीर्ती मिळविली. कधी टोपीत कॅमेरा दडवून त्याने काम साधले. ही सहजचित्रणाची पहिली परंपरा. तिला आपण चोरपावलांची परंपरा म्हणू. सत्ताधाऱ्यांच्या बाबतीत तिचे समर्थन करता येईल, कारण त्यांचा मुखवटा फार घट्ट बसलेला असतो. परंतु जो जीव धोक्यात घालून श्रम करीत आहे, त्याच्याजवळ चोरपावलांनी जाणे कितपत उचित, हा प्रश्न उरतोच.

अग्निशामकांच्या चित्रणाचा खरा आरंभ युद्धकालीन लंडनमध्ये शोधावा लागतो. बॉम्बवर्षावाच्या रात्री बर्ट हार्डी हा छायाचित्रकार अग्निशामकांबरोबर आगीत वावरला, आणि १९४१ च्या फेब्रुवारीत 'पिक्चर पोस्ट' या साप्ताहिकाने त्याची ती चित्रमालिका छापली. छायाचित्रकाराचे नाव न देण्याचा त्या पत्राचा प्रघात होता; या मालिकेसाठी तो मोडण्यात आला. ही चित्रे घ्यावयास त्यालाही त्याच आगीत उभे राहावे लागले होते, हे संपादकांस कळले असावे. आमच्या देशात त्याच सुमारास होमाई व्यारावाला मुंबईत चित्रे घेत होत्या. त्यांची आरंभीची चित्रे मात्र पतीच्या नावाने प्रसिद्ध झाली. चित्रातल्या माणसाचेच नव्हे, तर चित्र घेणाऱ्याचेही नाव इतिहासातून किती सहज गळून पडते, याचे हे उदाहरण आहे.

लंडनच्या त्या मालिकेनंतर तीनच वर्षांनी मुंबईवर आपत्ती आली. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज उभे होते. त्यात स्फोटके होती आणि कराचीस चढविलेल्या कापसाच्या गाठीही होत्या. दुपारी तळातून धूर दिसू लागला. अग्निशामक दलाचे बंब येऊन पाण्याचा मारा सुरू झाला; परंतु आगीचे नेमके स्थान सापडेना. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. दूर सिमल्याच्या भूकंपमापकावरही त्यांची नोंद झाली. अग्निशामक दलाचे ६६ लोक त्या दिवशी कामी आले. १४ एप्रिल हा दिवस भारतात अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, तो त्यांच्या स्मरणार्थ.

या ६६ जणांचे गोदीतील चेहरे मात्र आपल्याला ठाऊक नाहीत. युद्धकालीन प्रसिद्धीबंदीमुळे बातमीच दडपली गेली. वार्ताहरांना वृत्त धाडण्याची अनुमती मे महिन्यात मिळाली. सुधीश घटक यांनी घेतलेली चलच्चित्रफीत लष्करी अधिकाऱ्यांनी जप्त केली व तिचा काही भाग पुढे केव्हातरी लोकांस दाखविण्यात आला. लंडनला जे चित्र लोकांचे धैर्य वाढविणारे ठरले, तेच मुंबईत गुपित ठरले. शत्रूला नुकसानीचा अंदाज येऊ नये, ही भीती अगदीच निराधार नव्हती, हे आम्ही मान्य करतो. तरीही परिणाम असा झाला की, जहाजाचे नाव राहिले, स्फोटाचा मिनिट राहिला. आणि नळी हाती धरून उभ्या असलेल्या माणसाच्या कपाळावरची आठी तेवढी राहिली नाही.

सहजचित्रणाची दुसरी परंपरा सहवासाची आहे. अमेरिकेतील जिल फ्रीडमन या छायाचित्रकर्तीने न्यूयॉर्कच्या हार्लेम व ब्राँक्स भागांतील अग्निशामकांत दीर्घकाळ वावरून घेतलेली चित्रे १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यात आग आहे; तशीच थट्टा आहे, थकवा आहे, वाट पाहणे आहे. ज्याच्यापासून कॅमेरा लपविलेला नाही, पण ज्याला कॅमेऱ्याचा विसर पडला आहे, अशा माणसाचे ते चित्र. आमच्या मते 'सहज' या शब्दाचा पूर्ण अर्थ येथे साधला आहे.

आता घरची गोष्ट. आम्ही भोपाळच्या कोलार रस्त्यावर राहतो. कोलार धरणाचे पाणी या शहराची तहान भागविते. याच नावाच्या रस्त्यावर आता दुतर्फा उंच इमारती उठल्या आहेत. १२ जून २०२३ रोजी शहरातील सातपुडा भवन या शासकीय इमारतीस आग लागली; ती आवरण्यास सैन्याचीही मदत घ्यावी लागली आणि रात्रभर झुंज चालली. त्या आगीची जी चित्रे आमच्या पाहण्यात आली, ती बहुतेक धुराची आणि ज्वाळांची होती. कॅमेरा आता प्रत्येकाच्या खिशात आहे; तरी ओल्या काचेच्या काळाप्रमाणे आजही इमारत दिसते, माणूस दिसत नाही. उणीव यंत्राची नव्हती, दृष्टीची होती.

हे आम्ही इतरांस उद्देशून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी अग्निशमन सप्ताहात आमच्या शाळेत एक बंब आला होता. प्रात्यक्षिक झाले, आभार झाले, आणि आम्ही सर्वांस पायऱ्यांवर ओळीने उभे करून रीतसर चित्र घेतले. दहावीतील एका मुलाने दुसरेच चित्र घेतले होते. एक वयस्क अग्निशामक शिरस्त्राण मांडीवर ठेवून बंबाच्या पायरीवर बसला आहे, आणि पहिलीतला एक मुलगा त्याला आपल्या बाटलीतले पाणी देत आहे. शाळेच्या वार्षिकांकासाठी ते आमच्यापुढे आले. 'यात शिस्त दिसत नाही,' असे म्हणून आम्ही ते परत केले आणि पायऱ्यांवरचे चित्र छापले. पुढे या विषयाचे वाचन घडल्यावर आम्ही त्या विद्यार्थ्याकडे ते मागितले. 'सर, तुम्ही नको म्हणालात, म्हणून तेव्हाच पुसून टाकले,' असे तो सहजपणे म्हणाला. १९४४ मध्ये एका सरकारने जे केले, ते आपल्या परीने आम्हीही केले होते. आणि आम्हांस तर युद्धाचे निमित्तही नव्हते.

शिक्षकबंधूंना व भगिनींना आमची विनंती एवढीच आहे. आपल्या गावच्या अग्निशामकांकडे, आग नसताना, मुलांना घेऊन जावे. आधी बोलणे व्हावे, मग अनुमती घ्यावी, आणि कॅमेरा शेवटी काढावा. प्रत्यक्ष आगीच्या जागी मुलांनी जाऊ नये. कामाच्या आड कोणीच येऊ नये. आणि प्रत्येक चित्राबरोबर त्या माणसाचे नाव, स्थळ व तिथी त्याच दिवशी लिहून ठेवावी. पायऱ्यांवरचे आमचे चित्र अद्याप कार्यालयात लावलेले आहे. त्यात अकरा जण उभे आहेत. त्यांतील एकाचेही नाव आम्ही लिहून ठेवलेले नाही.