वर्गणीदारांच्या भरंवशावर

आज मी वर्गणीविषयीं बोलणार आहें. वाङ्मयाच्या इतिहासांत ग्रंथकारांचीं चरित्रें येतात, त्यांचे वादविवाद येतात. पण ज्या रुपया-आण्यांवर हा सारा संसार उभा राहिला, त्यांचा हिशेब फारसा कोणी सांगत नाहीं. मला त्याची आठवण एका घरगुती प्रसंगानें झाली. रत्नागिरी शहरास लागून मिरजोळे म्हणून गांव आहे. औद्योगिक वसाहतीमुळें तें नांव आतां दूरवर ठाऊक झालें आहे. तेथें आमच्या परिचयांतील एक तरुण राहतो. दिवसा तो एका कारखान्यांत हिशेब लिहितो, आणि रात्रीं कोंकणांतील जुने घाट, बंदरें व वाटा यांविषयीं लेख लिहून ते स्वत:च्या संकेतस्थळावर ठेवितो. आरंभीचा भाग सर्वांस मोकळा असतो. पुढचा वाचावयाचा तर महिन्याची वर्गणी भरावी लागते. गेल्या श्रावणांत तो मजकडे आला आणि म्हणाला, "काका, वर्गणीदार हळूहळू वाढताहेत. नोकरी सोडूं का?"

असल्या प्रश्नाचें उत्तर इतिहासाच्या अभ्यासकानें देऊं नये. मीं त्यास एवढेंच सांगितलें कीं, हाच प्रश्न मनांत घेऊन एक शाळामास्तर तुझ्या गांवाशेजारींच, रत्नागिरीस, कांहीं काळ राहून गेला आहे. त्या मास्तराचें नांव विष्णु कृष्ण चिपळूणकर.

विष्णुशास्त्री १८७८ च्या सुमारास पुण्याहून रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलांत बदलून आले. वय अठ्ठाविसाच्या आसपास. ही बदली म्हणजे त्यांच्या लेखणीला झालेली शिक्षा होय, असें त्या वेळीं पुष्कळांनीं मानिलें. १८७८ च्या मे महिन्यांत त्यांचे वडील कृष्णशास्त्री निवर्तले. घरची जबाबदारी अंगावर आली. आणि ह्या सर्वांबरोबर त्यांच्या मागें एक मासिक होतें, 'निबंधमाला'. तें १८७४ च्या जानेवारींत सुरू झालेलें. त्याला सहसंपादक नव्हता, लेखकवर्ग नव्हता. पुढें मालेचे एकंदर ८४ अंक निघाले, आणि त्यांतला जवळजवळ सारा मजकूर ह्या एका माणसाच्या हातचा आहे. एकट्यानें लिहावयाचें, आणि वाचणारांनीं वर्गणी देऊन तें चालवावयाचें, असा तो प्रपंच होता.

हा प्रपंच त्या काळीं किती नवा होता, हें कळण्यास थोडें मागें गेलें पाहिजे. बाळशास्त्री जांभेकरांचें 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईस निघालें. बाळशास्त्री पोंभुर्ल्याचे, तो मुलूख त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्यांतला, आतां सिंधुदुर्गांतला. पत्रांत एका बाजूस इंग्रजी व दुसऱ्या बाजूस मराठी मजकूर असे. वर्गणी घेतली जाई, परंतु बाळशास्त्र्यांचा चरितार्थ शिक्षणसंस्थेच्या आणि पुढें कॉलेजाच्या पगारावर चालला होता. दर्पण १८४० सालीं बंद पडलें तेव्हां त्यांच्या घरची चूल विझली नाहीं. रत्नागिरीसही जनार्दन हरि आठल्ये यांनीं 'जगन्मित्र' चालविलें होतें. मुंबई-पुण्याबाहेर, समुद्राकांठच्या एका लहान शहरांत, हें साहस थोडें नव्हे. ग्रंथकारांची तऱ्हा याहून निराळी. ते एक तर दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाहत, नाहीं तर शिक्षणखातें शाळांसाठीं किती प्रती घेईल याचा अंदाज बांधीत, किंवा संस्थानिकांच्या व सावकारांच्या नांवांची यादी आधीं मिळवून मग पुस्तक छापीत. पैसे देणारा एक आणि वाचणारा दुसरा, अशी ती सोय होती.

ह्या सोयीचा कडू अनुभव विष्णुशास्त्र्यांनीं स्वत: घेतला होता. वडिलांच्या मागोमाग ते 'शालापत्रक' ह्या मासिकाचें संपादन करीत. तें शिक्षणखात्याच्या आश्रयानें निघे. त्यांत त्यांची लेखणी जशी मोकळी सुटूं लागली तसा वरिष्ठांचा रोष वाढत गेला, आणि १८७५ मध्यें शालापत्रक बंद झालें. ज्याच्या पैशानें पत्र चालतें त्यानें तें थांबविलें. वाचणारांस कोणी विचारलें नाहीं, आणि विचारण्याचें कारणही नव्हतें, कारण त्यांनीं कांहीं दिलेंच नव्हतें. माला त्याच्या आधीं वर्षभर निघालेली होती. शालापत्रक गेलें आणि माला राहिली, एवढ्या एका गोष्टींत मला त्यांच्या पुढच्या आयुष्याचा सारा मार्ग दिसतो.

येथें एक इंग्रज ग्रंथकार आठवल्याशिवाय राहत नाहीं, कारण शास्त्रीबुवांसही तो फार प्रिय होता. डॉ. जॉन्सनवर मालेंत त्यांनीं विस्तृत निबंध लिहिला, आणि त्याच्या 'रासेलस'चें वडिलांनीं आरंभिलेलें भाषांतर पुरें केलें. जॉन्सननें १७५० ते १७५२ ह्या दोन वर्षांत 'रॅम्ब्लर' नांवाचें पत्र आठवड्यास दोनदां काढिलें. त्याचे २०८ अंक झाले व ते जवळजवळ सर्व त्यानेंच लिहिले. किंमत दोन पेन्स, आणि खप पांचशेंच्या आंत असे म्हणतात. पुढें १७५५ सालीं लॉर्ड चेस्टरफील्ड उशिरानें आश्रयदाता होऊं पाहूं लागला तेव्हां जॉन्सननें त्यास जें पत्र लिहिलें तें प्रसिद्धच आहे. पण ह्याच जॉन्सननें १७६२ सालीं राजाकडून वर्षाचें ३०० पौंडांचें निवृत्तिवेतन घेतलें. त्याला दोष देण्याचें मला धैर्य नाहीं. दोन पेन्सांच्या अंकावर म्हातारपण निघत नाहीं.

आतां मालेच्या काळच्या व्यवहाराची अडचण पाहूं. वर्गणी द्यावी असें वाचकाच्या मनांत आलें तरी ती पाठवावयाची कशी? नाशिकच्या किंवा धारवाडच्या कारकुनाला पुण्यास रुपया पोंचविणें हें आज वाटतें तितकें सोपें नव्हतें. हुंडी करावयास रक्कम फार लहान. रोख नाणें टपालांत घालणें धोक्याचें. मग कोणी टपालाचीं तिकिटें पाकिटांत घालून पाठवी, कोणी पुण्यास जाणाऱ्या पाहुण्याजवळ देई, आणि पाहुणा विसरे. त्या काळच्या पत्रांच्या मुखपृष्ठांवर दोन दर छापलेले दिसतात, आगाऊ वर्गणीचा एक आणि मागाहून देण्याचा दुसरा, अधिक. ह्या दोन दरांच्या मधल्या खड्ड्यांत कितीएक मासिकें पडून नाहींशीं झालीं. थकलेल्या वर्गणीबद्दलच्या विनवण्या, मग ताकीद, मग नांवें प्रसिद्ध करण्याचा धाक. जुन्या पत्रांच्या फायली चाळणाऱ्यास हा मजकूर अग्रलेखांइतकाच परिचयाचा होतो. शिवाय एका वाड्यांत एक अंक येई आणि सारा वाडा तो वाची. ज्याला ऐकून कळे त्याला कोणी वाचून दाखवी. मतप्रसाराच्या दृष्टीनें हें उत्तमच, पण वर्गणी एकाचीच.

सरकारी टपालखात्यानेंच ह्या धंद्याला नकळत हात दिला, हा इतिहासाचा एक विनोद आहे. १८७७ च्या डिसेंबरांत व्ही. पी. ची सोय झाली. माल हातीं पडतांना पोस्टमननें पैसे वसूल करावयाचे. १८७९ च्या जुलईंत पाव आण्याचें पोस्टकार्ड निघालें, म्हणजे वर्गणीदाराला आठवण देण्याचा खर्च अर्ध्यावर आला. आणि १ जानेवारी १८८० पासून टपालकचेरींतून मनीऑर्डर जाऊं लागली. ती तारीख लक्षांत ठेवा.

रत्नागिरींतला काळ शास्त्रीबुवांनीं कसा काढिला असेल याची कल्पना करतां येते. पुण्यापासून तें शहर त्या वेळीं फार दूर. उघाडीच्या दिवसांत आगबोटीनें मुंबई गांठावी व तेथून आगगाडीनें पुणें. पावसाळ्यांत बोटी बंद, मग घाटांनीं वर चढून जावें. टपालालाही ह्याच वाटा. लिहिणारा समुद्राकांठीं आणि वाचणारे घाटावर, अशा स्थितींत मासिक चालवावयाचें म्हणजे प्रत्येक अंक हा एक प्रवासच. त्यांतच १८७८ च्या मार्चमध्यें लॉर्ड लिटनच्या सरकारनें देशी भाषांतील वृत्तपत्रांसाठीं कायदा केला. छापणाराकडून व प्रसिद्ध करणाराकडून जामीन घेण्याचा आणि प्रसंगीं छापखानाच जप्त करण्याचा अधिकार त्यानें अधिकाऱ्यांस मिळाला. पुढें रिपनच्या कारकीर्दींत हा कायदा रद्द झाला, पण तोपर्यंतचीं तीन-चार वर्षें लिहिणारांच्या मानेवर टांगती तरवार होती. सरकारी नोकरी करावयाची आणि असें मासिकही चालवावयाचें, हें आतां दोन डगरींवर हात ठेवण्यासारखें झालें.

१८७९ मध्यें त्यांनीं नोकरीचा राजीनामा दिला. नोकरीला ते शृंखला समजत, आणि ती तोडल्याचा आनंद त्यांनीं भावास कळविल्याचें चरित्रकार सांगतात. ह्या त्यागाचें वर्णन आपण शाळेपासून वाचीत आलों आहों. म्हणून मला दुसऱ्या बाजूकडे लक्ष वेधावयाचें आहे. विष्णुशास्त्री केवळ मालेच्या वर्गणीवर भिस्त ठेवून पुण्यास परतले नाहींत. राजीनाम्याच्या आधींच, १८७८ मध्यें, चित्रशाळेची उभारणी झाली होती. देवादिकांचीं व पेशवाईंतल्या पुरुषांचीं रंगीत चित्रें घरोघर जाऊं लागलीं, आणि पुढें वासुदेव गणेश जोशी यांनीं तो कारखाना नांवारूपास आणिला. पुस्तकविक्रीचें दुकान, किताबखाना, निघालें. काशिनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह 'काव्येतिहाससंग्रह' सुरू झाला. जुनीं काव्यें व बखरी महिन्याच्या महिन्यास वर्गणीदारांस मिळूं लागल्या. १ जानेवारी १८८० रोजीं न्यू इंग्लिश स्कूल उघडलें. ज्या दिवशीं टपालाची मनीऑर्डर सुरू झाली त्याच दिवशीं. मग आर्यभूषण छापखाना, आणि १८८१ च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यांत 'मराठा' व 'केसरी'. छापखान्याच्या पेट्या ह्या मंडळींनीं स्वत: वाहून आणल्या असें सांगतात.

म्हणजे मालेनें त्यांस काय दिलें? माझ्या मतें तिनें त्यांस माणसें दिलीं. महाराष्ट्रांत कोणत्या गांवीं कोण आपलें लिहिणें पैसे देऊन वाचतो, हें वर्गणीदारांच्या वहीइतकें नेमकें दुसरें कोण सांगणार? चित्रें, पुस्तकें, शाळा, वृत्तपत्र, हें सर्व ज्या लोकांच्या बळावर उभें राहिलें, ते आधीं मालेच्या वहींत होते, निदान त्याच वर्गांतले होते. उदरनिर्वाहाचा भार मात्र त्या वहीवर एकटीवर त्यांनीं टाकिला नाहीं. त्यागाच्या गोष्टींत हा व्यवहार झांकला जातो; मला तो त्यागाइतकाच मोलाचा वाटतो.

आणि ह्याच वहीचा एक दोषही सांगितला पाहिजे. पैसे देणारा वर्ग जसा, तशी लेखणी वळते. जोतीराव फुल्यांवर शास्त्रीबुवांनीं मालेंत जी टीका केली ती आज वाचतांना मान खालीं जाते. व्याकरणाच्या चुका मोजून एका मोठ्या माणसाच्या प्रश्नांची वाट लावतां येते असें त्यांस वाटलें, आणि त्यांचे बहुतेक वर्गणीदार ह्यावर रागावण्यासारखे नव्हते. ज्यांस राग यावयाचा ते वहींत नव्हतेच. त्यांच्यासाठीं कृष्णराव भालेकरांनीं १८७७ च्या जानेवारींत पुण्यासच 'दीनबंधु' काढिलें होतें. तें शेतकऱ्यांचें व कारागिरांचें पत्र. ज्यांच्यासाठीं तें निघे त्यांच्यापैकीं बहुतेकांस वाचतां येत नव्हतें, आणि ज्यांस येई त्यांच्याजवळ सालअखेर रुपया उरत नव्हता. भालेकरांस तें पेलेना. १८८० मध्यें नारायण मेघाजी लोखंडे यांनीं तें मुंबईस नेऊन पुन्हां उभें केलें, तें गिरणगांवच्या आधारानें. कारण गिरणीच्या मजुराला महिन्याच्या महिन्यास रोख पगार मिळे. एकाच शहरांतलीं, एकाच दशकांतलीं हीं दोन पत्रें शेजारीं ठेवून पाहावीं. दोघांच्या चालकांच्या निष्ठेंत उणें कांहीं नव्हतें. वाचकांच्या खिशांत अंतर होतें.

त्यानंतर पंधरा वर्षांनीं ह्या धंद्याची सर्व किल्ली ज्याच्या हातीं आली तो गृहस्थही दक्षिण कोंकणचाच, आजगांवचा. काशिनाथ रघुनाथ आजगांवकर, म्हणजेच का. र. मित्र, यांनीं १८९५ च्या जानेवारींत 'मनोरंजन' काढिलें. एकट्याच्या लेखणीवर मासिक चालत नाहीं हें ओळखून त्यांनीं अनेक लेखक मिळविले, बायकांस वाचावयास मिळेल असा मजकूर दिला, चित्रें घातलीं, आणि १९०९ मध्यें पहिला दिवाळी अंक काढून वर्गणीदाराला वर्षांतून एकदां भेट मिळाल्यासारखें वाटेल अशी योजना केली. आजही दिवाळी आली कीं आपण जे अंक विकत घेतों त्यांचा हा मूळपुरुष.

विष्णुशास्त्री १७ मार्च १८८२ रोजीं वारले. बत्तीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. 'केसरी' सुरू होऊन चौदा महिने झाले होते, आणि सहकाऱ्यांवर कोल्हापूर प्रकरणीं अब्रुनुकसानीचा खटला उभा होता. त्या खटल्यांत टिळक व आगरकर यांस १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगांत राहावें लागलें.

मिरजोळ्याच्या तरुणाला मीं हें सर्व सांगितलें तेव्हां बाहेर पावसाची झड लागली होती. त्यानें चहा घेतला आणि दीनबंधूविषयीं पुन्हां विचारलें, भालेकरांचें पुढें काय झालें म्हणून. त्याच्या लेखांसाठीं जुन्या वाटा त्याला दाखविणारे बहुतेक धनगर आणि खारवी आहेत. वर्गणी भरणारे मुंबई-पुण्याचे. नोकरी त्यानें अजून सोडलेली नाहीं. घाटवाटांचे नकाशे छापून विकतां येतील काय, ह्याचा विचार तो करीत आहे, आणि छपाईचा भाव विचारण्यासाठीं परवां शहरांत येऊन गेला.