जयविलासचे खांब आणि ग्वाल्हेरची कमान

पाहुण्यांना जयविलास दाखवायला नेले की आपण आधी दरबार हॉलची झुंबरे दाखवतो. प्रत्येक झुंबर साडेतीन टनांचे. ती टांगण्यापूर्वी छताची ताकद अजमावण्यासाठी वर हत्ती चढवले होते, ही गोष्ट लश्करात घरोघरी सांगितली जाते. पण आत शिरण्याआधी बाहेरचे खांबही पाहण्यासारखे आहेत.

श्रीमंत जयाजीराव शिंदे महाराजांनी हा वाडा 1874 मध्ये बांधून घेतला. आराखडा मायकेल फिलोज यांचा. खालचा मजला टस्कन, मधला डोरिक आणि वरचा कोरिन्थियन पद्धतीचा. कोरिन्थियन खांबाच्या माथ्यावरची काटेरी पाने मूळची प्राचीन ग्रीसमधली. एकोणिसाव्या शतकात युरोपात ती पुन्हा इमारतींवर, मेजांवर, दिव्यांवर, लोखंडी कठड्यांवर आली आणि इंग्रजांमागोमाग आपल्या संस्थानांतही पोहोचली. 1876 मध्ये इंग्लंडचे युवराज ग्वाल्हेरला आले, तेव्हा त्यांचे स्वागत याच वाड्यात झाले.

याच महाराजांच्या काळात दुसरेही एक पुनरुज्जीवन झाले. त्याची आठवण आपण फारशी काढत नाही. किल्ल्यावरच्या जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचे काम तेव्हा मेजर कीथ पाहत होते. येथल्या पाथरवटांच्या हाती अजून कला आहे, पण काम नाही, हे त्यांनी ओळखले. महाराजांच्या आश्रयाने त्यांनी या कारागिरांकडून एक भव्य दगडी कमान घडवून घेतली. सास-बहू मंदिर 1093 चे, मानमंदिर पंधराव्या-सोळाव्या शतकांच्या संधीवरचे. अशा वास्तूंची परंपरा त्या कमानीच्या वेलबुट्टीत, जाळीत आणि तोड्यांत पुन्हा जिवंत झाली. 1883-84 च्या कलकत्ता प्रदर्शनात ती उभी राहिली आणि पुढे लंडनला गेली. आज ती व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या मालकीची आहे.

ग्रीसचे पान ग्वाल्हेरला आले आणि ग्वाल्हेरची वेल लंडनला गेली! एकाला राजाश्रय आणि मान दोन्ही मिळाले. दुसरीला आश्रय मिळाला तो कारागिरांच्या पोटासाठी.

हीच पाथरवटी कला दाना ओली, सराफा या भागांतल्या जुन्या घरांच्या तोड्यांत आणि झरोक्यांत आहे. घर नव्याने बांधताना हे दगड भरावात जातात. तसे न करता एखादा तोडा नव्या भिंतीत बसवावा, निदान पाडण्यापूर्वी छायाचित्र तरी काढून ठेवावे. लंडनने ज्याची कदर केली, त्याची आपण आपल्या गल्लीत करायला हवी.