लहान कामांची संत तेरेझ

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राज्याभिषेक डोळ्यांसमोर येतात. धर्माचा इतिहास घेतला तरी तेथेही चमत्कार, कडक उपास आणि हौतात्म्य यांचीच गर्दी. धुणी धुणाऱ्या, फरशी झाडणाऱ्या माणसाला त्यात जागा कोठली? म्हणून फ्रान्समधील एका मुलीची हकीगत सांगावीशी वाटते. आम्ही कॅथलिक नव्हे. कारखान्यांच्या दरवाजांशी उभे राहून वर्गणीच्या पावत्या फाडण्यात आमची उमर गेली. पण या हकीगतीत आमच्याही कामाचा एक प्रश्न गुंतलेला आहे.

तेरेझ मार्तँ २ जानेवारी १८७३ रोजी आलाँसाँ येथे जन्मली. सुईने विणलेल्या लेसकरिता हे गाव नावाजलेले. तिची आई झेली हिचा धंदा लेसचाच. बायका आपापल्या घरी बसून एकेक तुकडा विणीत, आणि ते तुकडे सांधा दिसू नये अशा बेताने जोडण्याचे काम झेली स्वतः करी. वडील लुई घड्याळजी. नऊ मुलांपैकी पाच मुली जगल्या आणि पाचही पुढे मठात गेल्या. १८७७ साली आई कर्करोगाने वारली व कुटुंब लिझ्यूला आले.

पंधराव्या वर्षी कार्मेल मठात जायचे, असा तेरेझने हट्ट धरला. मठावर देखरेख करणारे पाद्री नाही म्हणाले. बिशपांनी निर्णय लांबणीवर टाकला. मग ही पोरगी वडिलांबरोबर यात्रेकरूंच्या जथ्यातून रोमला गेली. २० नोव्हेंबर १८८७ रोजी पोप लिओ तेरावे यांचे दर्शन होते, आणि तेथे कोणी बोलू नये अशी सक्त ताकीद होती. तिने ताकीद मोडली, पोपच्या पायांशी बसून परवानगी मागितली. ती उठेना, तेव्हा पहारेकऱ्यांनी तिला उचलून दूर नेले! याच पोपनी १५ मे १८९१ रोजी कामगारांच्या स्थितीवर परिपत्रक काढून त्यांचा संघटनेचा हक्क मान्य केला. हा निव्वळ योगायोग. पण आमच्यासारख्याला तो सुखावतो.

९ एप्रिल १८८८ रोजी ती मठात शिरली. आत काय केले? धुणे, झाडलोट, शिवण. धुणे करताना समोरची भगिनी रुमाल आपटी आणि घाण पाणी तेरेझच्या तोंडावर उडे. तिने तोंड पुसायचे नाही असे ठरविले. जिचे सगळेच वागणे तिला नकोसे वाटे, त्या भगिनीकडे पाहून ती इतके मनापासून हसे की, माझ्यात तुम्हाला एवढे काय आवडते, असे त्या बाईनेच एकदा विचारले. प्रवासात तिने श्रीमंतांकडे जिन्याऐवजी लिफ्ट पाहिली होती. पूर्णत्वाचा उभा जिना चढण्याएवढी मी मोठी नाही, येशूचे हात हीच माझी लिफ्ट, असे तिने पुढे लिहिले. यंत्रयुगातली ही उपमा आम्हाला फार आवडते. थोरांचे पराक्रम ज्याला साधणार नाहीत, त्याने रोजचे काम प्रेमाने करून देवाकडे जावे, हा तो मार्ग.

येथे आमचा प्रश्न उभा राहतो. सोसा, हसतमुखाने राबा, हा उपदेश मालकांच्या तोंडून आम्ही पुष्कळ ऐकला आहे. एका कारखान्यात ओव्हरटाइमचे थकलेले पैसे मागायला गेलो, तर साहेबांनी समाधानी वृत्तीवर अर्धा तास प्रवचन दिले. त्यांना तेरेझची साक्ष काढता येणार नाही. तिने सोसले ते आपण होऊन, बरोबरीच्या बाईसाठी. तिच्या सोसण्यावर कोणाचा नफा उभा नव्हता. आणि मागायचे होते तेव्हा ती थेट पोपपुढे बोललीच की! उलट, तिचा धडा मालकांपेक्षा आम्हा चळवळवाल्यांनाच अधिक लागू पडतो. मोर्चाला हजार माणसे येतात. सभा संपल्यावर सतरंज्या गुंडाळायला चार उरतात. आजारी सभासदाच्या घरी डबा कोणी पोहोचविला, याची नोंद कोणत्याही अहवालात नसते.

१८९६ च्या ईस्टरच्या सुमारास तिच्या तोंडावाटे रक्त पडले. त्याच काळात स्वर्ग आहे की नाही अशा अंधाराने तिला ग्रासले, तो शेवटपर्यंत. ३० सप्टेंबर १८९७ रोजी, चोविसाव्या वर्षी, ती क्षयाने गेली. वर्षभराने तिच्या आत्मकथेच्या दोन हजार प्रती निघाल्या आणि तिचे नाव जगभर गेले. १९२५ मध्ये ती संत ठरली. १९२७ मध्ये, मठाबाहेर कधी न पडलेल्या या मुलीला, ज्यांचा देह जुन्या गोव्यात आहे त्या फ्रान्सिस झेवियर यांच्या जोडीने मिशन-कार्याची आश्रयदाती संत ठरविले. कलकत्त्याच्या मदर तेरेसांनी आपले नाव तिच्यावरूनच घेतले.

मठात एक म्हातारी, पायाने अधू भगिनी होती. संध्याकाळी जेवणाची वेळ आली की ती आपले वाळूचे घड्याळ हलवी, म्हणजे, चला. तिला नेणे म्हणजे परीक्षाच. भरभर चालले तरी ओरडणार, सावकाश चालले तरी ओरडणार. तेरेझने ते काम मागून घेतले होते. मागून तिचा कमरपट्टा धरून ती तिला जेवणघरात नेई, बसवी, बाह्या दुमडून देई. पुढे तिच्या ध्यानात आले की म्हातारीला पाव कापता येत नाही. तेव्हापासून पाव कापून दिल्यावरच ती तेथून निघे. ते तिला कोणी सांगितले नव्हते.